खेळाडूची किंमत कोण ठरवतो?

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाने हुआन सोटोशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. असे आकडे ऐकले की 'एवढी का याची लायकी?' असा वाद अमेरिकेतील शौकिनांत रंगतो. वाणिज्याचा विद्यार्थी मात्र आधी विचारील : बाजारात गिऱ्हाइके किती?

पूर्वी करार संपला तरी खेळाडू जुन्याच मालकाशी बांधलेला असे. म्हणजे गिऱ्हाईक एकच! १९६९ मध्ये कर्ट फ्लडला न विचारता दुसऱ्या संघाला देण्यात आले. त्याने नकार दिला, १९७० चा अख्खा हंगाम गमावला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरलाही. परंतु १९७५ मध्ये लवादाने दोन खेळाडूंना मोकळे केले व इतरांची वाट खुली झाली.

सोटोच्या कोट्यवधींचा हिशेब मांडताना फ्लडचा हा तोटाही जमेस धरावयास हवा.