रक्ताची पिशवी वाया जाऊ देऊ नका

ऑपरेशन थिएटरबाहेर आम्ही हे अनेकदा पाहिलं आहे. सूनबाईचं सिझेरियन ठरलेलं असतं. चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन दीर रक्तपेढीत धावतो, दोन पिशव्या घेऊन येतो. तेवढ्यात आधीचं ऑपरेशन लांबतं. पिशव्या वॉर्डातल्या टेबलावर पडून राहतात. पुढे सिझेरियन सुखरूप होतं, रक्त लागतच नाही. दोन तासांनी कुणाला तरी पिशव्यांची आठवण होते. मग त्या फेकून देण्यावाचून इलाज नसतो.

असं का होतं? रक्तपेढीच्या खास फ्रिजमध्ये तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथे ती ३५ ते ४२ दिवस टिकते. बाहेर काढली की तापू लागते आणि जंतू वाढण्याचा धोका असतो. म्हणून ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ थंडाव्याबाहेर राहिलेली पिशवी साठ्यात परत घेत नाहीत. चढवायला सुरुवात केली तर चार तासांत संपवावी लागते.

"वॉर्डातल्या फ्रिजमध्ये ठेवू," असं काही जण म्हणतात. तसं करू नका. तो फ्रिज औषधांचा. त्याचं दार सारखं उघडतं, थंडावा कमीजास्त होतो. बर्फाच्या कप्प्यात रक्त गोठलं तर पेशी फुटतात. असं रक्त चढवणं जिवावर बेतू शकतं.

एका माणसाच्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे करता येतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवायच्याच नसतात. त्या २० ते २४ अंशांना, सतत हलवत ठेवतात आणि साधारण पाच दिवसच टिकतात. प्लाझ्मा गोठवलेला असतो. एकदा वितळवला की पुन्हा गोठवता येत नाही. म्हणून "असू द्या जवळ" म्हणून तो आधीच मागवला, की बहुधा वायाच जातो.

थिएटरची शिस्त डॉक्टर-सिस्टरांनी पाळायची. पण पिशवी आणायला आपल्याच घरचा माणूस जातो, तेव्हा आपल्याही हातात बरंच आहे.

१. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या. रक्त चढवण्याची गरजच कमी होते.

२. विचारा: "रक्त आत्ता चढवायचं आहे, की फक्त तयारी म्हणून?" तयारी म्हणून असेल तर पिशवी रक्तपेढीतच राखून ठेवता येईल का, आणि लागेल तशी एकेक आणता येईल का, हेही विचारा. काही ऑपरेशनांना गट तपासून नमुना रक्तपेढीत ठेवला तरी पुरतो.

३. नमुन्यावर आणि चिठ्ठीवर पेशंटचं नाव व नंबर बरोबर आहे ना, ते पाहा. चूक असली तर नमुना परत येतो आणि वेळ जातो.

४. पिशवी थंड पेटीतूनच आणा. बर्फ पिशवीला थेट लागू देऊ नका. वाटेत चहाला थांबू नका. थेट सिस्टरच्या हातात द्या आणि आणल्याची वेळ लिहून घ्यायला सांगा.

५. रक्त लागलं नाही असं कळताच "परत पाठवायचं का?" असं लगेच विचारा. वेळेत गेलेली पिशवी दुसऱ्याच्या कामी येते.

एक मात्र लक्षात ठेवा. अपघात असेल किंवा बाळंतपणात रक्त वाहत असेल, तर प्रश्न विचारत बसू नका. सांगतील तेवढं रक्त ताबडतोब आणा.

रक्त कारखान्यात तयार होत नाही. एकदा दिल्यावर पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. १४ एप्रिलच्या शिबिरात आपली पोरं रांग लावून रक्त देतात. त्यातली एकही पिशवी टेबलावर पडून फुकट जाऊ नये, एवढं आपण नक्की पाहू शकतो.