घड्याळाची चाल

शिरूरला रेल्वे नाही. गाडी धरायची म्हणजे आमच्या घरची माणसे एस.टी.ने दौंड गाठतात. आजोबांचे मनगटी घड्याळ रोज एक मिनिट मागे पडे. एका मिनिटाने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण आठ दिवस काटे जुळवले नाहीत तर आठ मिनिटे होतात आणि तेवढ्यात दौंडच्या फलाटावरून गाडी निघून जाते. हे मिनिट भरून कसे काढतात, ते शिरूरच्या एका घड्याळजींशेजारी बसून मी पाहिले.

घड्याळ एच.एम.टी.चे, चावीचे. या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. चावी दिली की आतली मोठी कमान गुंडाळली जाते आणि उलगडताना दंतचक्रे फिरवते. तिला आवर घातला नाही तर ती क्षणात सुटून जाईल. हा आवर घालते बॅलन्स नावाचे छोटे चक्र. त्याला केसासारखी बारीक, वेटोळी कमान असते. तिला केसकमान म्हणू. तिच्या ओढीने चक्र पाळण्यासारखे इकडून तिकडे झोके घेते आणि प्रत्येक झोक्याला दंतचक्रांना थोडेसेच पुढे सरकू देते. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने 1675 साली ही युक्ती प्रसिद्ध केली.

अशा घड्याळात सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला 4,32,000 झोके होतात. दिवसाला एक मिनिट मागे पडणे म्हणजे त्यांत केवळ 300 झोके कमी पडणे होय. झोक्याचा वेळ चक्राच्या भारावर आणि केसकमानीच्या ताठपणावर ठरतो. कमान आखूड केली की ती ताठ होते व घड्याळ जलद चालते. हिशेब केला तर या एका मिनिटासाठी कमान फक्त 720 व्या हिश्शाने आखूड व्हायला हवी. तिची लांबी दहा सेंटिमीटर धरली, तर हा फरक मिलिमीटरच्या सातव्या भागाइतका!

म्हणून घाई चालत नाही. घड्याळजींनी प्रथम यंत्र धुऊन नवे तेल दिले, कारण वाळलेल्या तेलानेही चाल बिघडते. कमानीत चुंबकत्व शिरले असेल तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावते, तेही तपासले. मग चाल कमीजास्त करणारी चिमुकली दांडी पाहिली. ती आधीच 'जलद' बाजूच्या टोकाला होती. आता यंत्रातच फेरफार करणे भाग होते.

यास दोन वाटा आहेत. एक, चक्राच्या कडेचा धातू किंचित खरवडून भार कमी करणे. पण तो समोरासमोर सारखा न निघाल्यास तोल जातो, आणि घड्याळ आडवे ठेवल्यावर एक चाल, उभे धरल्यावर दुसरी, असे होते. शिवाय खरवडलेला धातू परत येत नाही. घड्याळजींनी दुसरी वाट धरली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी केसकमानीच्या बाहेरच्या टोकाची खुंटी सैल केली, कमान चिमट्याने जराशी बाहेर ओढली आणि खुंटी पुन्हा बसवली. त्यामुळे 'टिक' आणि 'टॉक' यांतले अंतर असमान झाले. तेव्हा कमानीचे आतले कडे चक्राच्या आसावर किंचित फिरवून त्यांनी ते सारखे केले. नंतर तीन दिवस घड्याळ कधी आडवे, कधी उभे ठेवून पाहिले.

कमानीचे बाहेर आलेले शेपूट त्यांनी कापले नाही. मी कारण विचारले. ते म्हणाले, "उद्या परत आत सोडायची वेळ आली, तर कापलेली कमान कुठून आणायची?" एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला. कारखान्यातून नवा भाग यायचा नाही. जे आहे ते सांभाळूनच दुरुस्त करायचे.

आजोबांचे घड्याळ आता रोज दहा सेकंद पुढे जाते. दौंडची गाडी धरणाऱ्याला तेवढे चालते.