शिवलेला खांदा
खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला चेंडू. दंडाच्या हाडाचे डोके मोठे आणि त्याला धरणारी खोबणी लहान, म्हणून हात चौफेर फिरतो. आणि म्हणूनच या सांध्याची भिस्त हाडांपेक्षा भोवतालच्या स्नायूंवर असते. चार स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा त्या डोक्याला टोपीसारख्या वेढून असतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. वयोमानाने झिजून किंवा हातावर पडल्याने त्यांतली एखादी, बहुधा सर्वांत वरची, हाडापासून सुटते. मग फळीवरचा डबा काढताना, केस विंचरताना, त्या कुशीवर झोपताना कळ येते. औषधे आणि व्यायाम यांवर भागले नाही, तर कंडरा पुन्हा हाडाला शिवतात.

ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते. त्वचेवर तीन-चार बारीक छिद्रे, हाडात रोवलेले छोटे अँकर आणि त्यांच्या दोऱ्यांनी बांधलेली कंडरा. छिद्रे लहान म्हणजे काम किरकोळ, असा समज सर्रास आढळतो आणि तोच नडतो. टाके कंडरेला जागेवर नुसते धरून ठेवतात. ती हाडाशी सांधण्याचे काम शरीराचे, आणि त्याला निदान तीन महिने लागतात.

तंबाखू आणि वाढलेली साखर या सांधण्याचे वैरी. विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सोडावी, साखर आटोक्यात आणावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. काखेत गळू किंवा पुरळ असेल तर ते आधी सांगावे. तिथले केस घरी ब्लेडने काढू नयेत, बारीक जखमांतून जंतुसंसर्गाला वाट मिळते.

घरातली तयारी मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. दुखरा हात पोटाशी धरून एक दिवस वावरले की काय काय अडते ते कळते: परकराची नाडी, पेस्टचे झाकण, कुकर, एका हाताने पोळीचा तुकडा मोडणे. पुढून उघडणारे सैल कपडे, चमचा, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर, एवढे हाताशी असावे. उकिडवे बसून उठताना हात टेकवला जातो, म्हणून कमोडची सोय पाहावी. अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढाव्यात. नंतर बोटे सुजतात.

भूल देताना बऱ्याचदा मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. बारा ते चोवीस तास तो लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो. या काळात आवाज घोगरा होणे, त्या बाजूची पापणी थोडी खाली येणे घाबरण्यासारखे नसते. धाप लागली तर मात्र लगेच सांगावे. बधिरता उतरते ती पुष्कळदा मध्यरात्री, आणि ठणका एकदम उसळतो. म्हणून बोटांना मुंग्या येऊ लागताच, दुखण्याची वाट न पाहता, लिहून दिलेली गोळी घ्यावी.

हात साधारण चार ते सहा आठवडे स्लिंगमध्ये राहतो. सुरुवातीला आडवे झोपवत नाही. पाठीला उशा लावून रेलून आणि कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवून झोप लागते. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे खांद्यावर ठेवावा. मूठ उघडणे-मिटणे आणि मनगट हलवणे पहिल्या दिवसापासून चालते. खांद्याची हालचाल कधी सुरू करायची, हे फाटलेला भाग केवढा होता त्यावर ठरते. सदरा घालताना शिवलेला हात आधी, काढताना शेवटी. काख धुताना कमरेतून वाकून हात लोंबता सोडावा, उचलू नये. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठावे.

खरा धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. ठणका ओसरतो, हात बरा वाटतो, आणि निसटणारा कप झेलायला किंवा पदर सावरायला तो आपसूक पुढे जातो. शिवण मात्र अजून कच्चीच असते. स्लिंग निघाल्यावर खांदा आखडलेला असतो, हे अपेक्षितच. आधी फिजिओथेरपिस्ट किंवा दुसरा हात तो हलवतो, मग तो स्वतःच्या बळावर उचलायचा. ताकदीचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्यानंतर, आणि भरलेली बादली त्याच्याही पुढे.