उतरणे सक्तीचे

सणसरच्या पेठेत दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, की उसाच्या फडांवरून घरघरत जाणारे छोटे विमान अधूनमधून दिसते. बारामती विमानतळावर वैमानिक घडविले जातात. धावपट्टीला चाके टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचे, हा शिकाऊंचा नित्यपाठ. वैमानिक थट्टेने म्हणतात, ‘उड्डाण ऐच्छिक, उतरणे सक्तीचे.’ त्यांचा दुसरा विनोद असा : पायी चालत बाहेर पडता आले तर उतरणे चांगले, तेच विमान उद्या वापरता आले तर उत्कृष्ट! मुद्दल आणि नफा यांतला भेद व्यापाऱ्यास निराळा सांगावयास नको. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात असेच एक विमान कोसळले. आत एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी तरुणी जखमी झाली, पण वाचली. मुद्दल शाबूत राहिले.

आपण प्रवासी मात्र धक्का न बसता उतरलो, की वैमानिकास शाबासकी देतो. हा निकष फसवा आहे. ओल्या धावपट्टीवर हळुवार टेकलेले चाक पाण्याच्या थरावरून घसरत जाते, ब्रेक पकड घेत नाहीत. म्हणून पावसात जाणता वैमानिक विमान मुद्दाम जरा ठामपणे टेकवितो. खरी परीक्षा त्याआधीच होते : वेग नेमका, उतार सुमारे तीन अंशांचा, दिशा सरळ, आणि चाके धावपट्टीच्या आरंभीच्या ठरलेल्या पट्ट्यात. यांतले काही चुकले, तर उतरण्याचा मोह सोडून पुन्हा वर जायचे.

7 ऑगस्ट 2020 रोजी कोझिकोड येथे पावसात, पाठीवर वारा घेऊन विमान उतरले. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुमारे 4,438 फूट पुढे. टेकडीवरील ती धावपट्टी संपली आणि विमान खाली कोसळले. पूर्वी वायुसेनेत असलेले अनुभवी कॅप्टन दीपक साठे व त्यांचे सहवैमानिक यांच्यासह 21 जण गेले. पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने दिली होती, असे चौकशी अहवाल नोंदवितो. ‘मागे राहिलेली धावपट्टी कुणाच्याच कामाची नाही,’ हा वैमानिकांचा विनोद येथे हसू आणीत नाही.

पुन्हा घिरटी घेण्यास लागतात दहा-पंधरा मिनिटे आणि थोडे इंधन. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन उरकू पाहणारा आपला श्रावक तेव्हा घड्याळाकडे पाहतो, तेही स्वाभाविकच.