निनादाचा जमाखर्च

घरातील एक खोली चित्रपटांसाठी राखून ठेवावी, तीत प्रोजेक्टर, पडदा, पाच-सात स्पीकर आणि एक सबवूफर यांची यथासांग प्रतिष्ठापना करावी, पहिल्याच रविवारी आप्तेष्टांना बोलावून मोठ्या उत्साहाने चित्रपट लावावा, आणि मग संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर स्फोटांनी खिडक्यांची तावदाने थरथरू लागावीत, हा अनुभव हल्ली इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याचे खापर कोणी स्पीकर बनवणाऱ्यावर फोडतो, कोणी दुकानदारावर, तर कोणी अलीकडच्या नटांच्या पुटपुटण्यावर. नट अगदीच निर्दोष आहेत असे आम्ही म्हणणार नाही; परंतु अशा बहुतेक प्रकरणांत आरोपी म्हणून प्रथम उभे करावे ते त्या खोलीच्या भिंतींना.

जुन्या वाड्यांतील दिवाणखान्यांत गाण्याच्या बैठका होत, तेव्हा ध्वनिशास्त्राच्या जाणकाराला कोणी मसलतीस बोलावीत नसे. पण जमिनीवर जाजम, त्यावर गाद्या, भिंतीशी लोड-तक्के, वर लाकडी तक्तपोशी आणि मध्ये खांबांच्या ओळी, अशी रचनाच असल्यामुळे तंबोऱ्याच्या झंकारापासून श्रोत्यांच्या दादेपर्यंत प्रत्येक आवाजाचा बंदोबस्त आपोआप होत असे. आजच्या सदनिकेत खाली व्हिट्रिफाइड फरशी, चारी बाजूंना प्लास्टर, वर जिप्समचे छत आणि एका अंगाला सरकत्या काचा. आदळलेल्या ध्वनीपैकी शेकडा दोन-पाच भाग हे पृष्ठभाग गिळतात आणि उरलेला सगळा जसाच्या तसा परत करतात. अशा खोलीत सामान येण्यापूर्वी मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये तिची किणकिणती फडफड स्वच्छ ऐकू येते. विजापूरच्या गोलघुमटात असला घुमारा ऐकायला दुरून लोक येतात, कारण तेथे कोणाला चित्रपट पाहावयाचा नसतो.

संवाद कळेनासे होतात त्याचे कारण असे की, बोलण्यात ऊर्जा असते स्वरांत आणि अर्थ असतो व्यंजनांत. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर लांब आणि जोरकस, तर त, ट, क, प ही व्यंजने क्षणार्धात उमटून जाणारी. भिंतींवरून परतणारी मागच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडली की ते पुसले जाते, आणि आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण आवाजाबरोबर ती शेपटीही तेवढीच वाढते.

ही शेपटी मोजण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या वॉलेस सॅबिन यांची हकिकत या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखी आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाची इमारत उभी राहिली, आणि तिच्यातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच धड कळेना. तेव्हा अध्यक्ष एलियट यांनी त्यावर काही तजवीज करण्याची कामगिरी पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या तरुण अध्यापकावर सोपवली. रिकाम्या सभागृहात उमटलेला आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे, म्हणजे वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई तरी पहिला शब्द छताखाली घुटमळतच असे. सॅबिन रात्री, बाहेरची वर्दळ थांबल्यावर, ५१२ कंपनांची ऑर्गनची एक नळी वाजवीत, आणि जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या उसन्या आणून, त्यांची संख्या क्रमाक्रमाने वाढवीत, आवाज विरण्यास किती वेळ लागतो याची घड्याळावर नोंद करीत. उजाडण्यापूर्वी त्या सर्व गाद्या जागच्या जागी पोचलेल्या असत. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा ध्वनी शोषतात असे ध्यानात येताच त्यांनी आपल्याच पुष्कळशा नोंदी बाद केल्या आणि पुढे प्रत्येक प्रयोगाला तेच ते कपडे घालण्याचा परिपाठ ठेवला. या चिकाटीतून १८९८ साली जे सूत्र निघाले, त्याच्या आधाराने बोस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले आणि १९०० साली ते खुले झाले.

ते सूत्र गृहस्थाने आपल्या वहीत उतरवून घ्यावे इतके सोपे आहे. खोलीचे घनफळ घनफुटांत काढून त्याला ०.०४९ ने गुणावे. मग प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ त्याच्या शोषण गुणांकाने, म्हणजे आदळलेल्या ध्वनीचा जेवढा अंश तो गिळतो त्याने, गुणून त्या सर्वांची बेरीज करावी, आणि पहिल्या रकमेला दुसरीने भागावे. येणारे उत्तर हा खोलीचा निनादकाल, म्हणजे आवाज ६० डेसिबलनी खाली येण्यास लागणारे सेकंद. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घेऊ. घनफळ १,९२० घनफूट, गुणाकार सुमारे ९४. सहाही पृष्ठभाग मिळून ९४४ चौरस फूट, आणि सरासरी गुणांक ०.०५ धरला तर शोषणाची शिल्लक अवघी ४७. म्हणजे निनादकाल दोन सेकंद. चित्रपटासाठी अशा खोलीत तो ०.४ सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी असावा, त्यासाठी शिल्लक २३५ पाहिजे. अर्ध्या जमिनीवर जाड गालिचा, कापडी गाद्यांचे सोफे, खिडकीला चुण्यांचा भारी पडदा आणि बसलेली चार माणसे यांच्या खाती मिळून शंभराच्या आसपास जमा होतात. आधीचे ४७ धरून उरले ८८. भिंतीवर लावायचे, दोन फूट बाय चार फुटांचे, ध्वनी शोषणारे एक चांगले पॅनेल सातेक जमा करते. तेव्हा बारा-तेरा पॅनेलांत हिशेब मिटतो. इतक्या लहान खोलीत, आणि विशेषतः खर्जात, हे सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही हे खरे. पण अंदाजपत्रकास ते पुरते, आणि चारी भिंती जमिनीपासून छतापर्यंत मढवण्याचा जो सल्ला हरघडी दिला जातो त्याची झडती घेण्यासही पुरते, कारण बारा-तेरा पॅनेले म्हणजे एकूण भिंतींचा पाचवा हिस्सादेखील नव्हे.

आता पॅनेलांच्या निवडीचा मामला. सजावटकाराकडे गेलेल्या गिऱ्हाइकापुढे आधी कापडाच्या नमुन्यांचे चोपडे ठेवले जाते, मग आकार विचारला जातो, षट्कोन की चौकोन, मग भिंतीवरची मांडणी, आणि जाडीचा विषय निघालाच तर सर्वांत शेवटी, तोही खर्च कमी करण्याच्या निमित्ताने. हा क्रम नेमका उलटा आहे. तंतुमय किंवा सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो तो हवेच्या कणांची हालचाल आपल्या तंतूंत अडवून, घर्षणाने तिची उष्णता करून. आणि भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत, ते सर्वाधिक हलतात ते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे साडेतेरा इंच, तिचा चौथा हिस्सा साडेतीन इंचांहून कमी; पण २५० हर्ट्झची तरंगलांबी साडेचार फूट, आणि तिचा चौथा हिस्सा एक फुटाहून अधिक. पॅनेल तितके जाड असलेच पाहिजे असे नाही, कारण वाटेत अलीकडेही थोडीफार हालचाल असतेच. पण जाडीवाचून खालच्या सप्तकांत काही साधत नाही, ही गोष्ट याच हिशेबातून निघते.

बाजारात सध्या रंगीत पॉलिएस्टर फेल्टच्या ज्या नऊ किंवा बारा मिलिमीटरच्या पाट्या मिळतात, त्या दिसायला देखण्या, लावायला सोप्या आणि कार्यालयांत ठीकच. पण सरळ भिंतीला चिकटवल्यास ५०० हर्ट्झच्या खाली त्यांचा अंमल नाममात्र असतो. एक इंची फोमची कथा फारशी वेगळी नाही. अशा पातळ पाट्यांनी सगळी खोली भरली तर वरचे आवाज मरतात आणि खालचे तसेच हिंडत राहतात. खोली एकाच वेळी दबलेलीही वाटते आणि घुमतेही, संवाद कांबळ्याआडून आल्यासारखे येतात, आणि पैसे खर्च करून पूर्वीची खोली बरी होती असे म्हणण्याची पाळी येते. पातळ पॅनेले मुबलक लावण्यापेक्षा जाड पॅनेले मोजकी लावावीत, आणि जाड परवडत नसतील तर काही काळ गालिचा व पुस्तकांची कपाटे यांवर भागवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाड म्हणजे किती, तर किमान दोन इंच रॉकवूल किंवा दाट ग्लासवूल, घनमीटरला साधारण ४८ ते ६४ किलो वजनाचे, लाकडी चौकटीत बसवलेले. आणि चौकटीमागे लाकडी गुटके देऊन भिंतीपासून आणखी दोन इंच अंतर सोडलेले. हे मोकळे अंतर म्हणजे या सबंध व्यवहारातील एकमेव फुकटचा जिन्नस होय. त्याने पॅनेलचा अंमल खालच्या वारंवारितेपर्यंत पोचतो, आणि तरीही मिस्त्री ते सोडायला नाखूश असतो, कारण त्याच्या नजरेत भिंतीला घट्ट बसलेले काम तेच चोख. वर ताणायचे कापड पारखण्याची रीत सोपी आहे. ते तोंडाला लावून फुंकर मारावी, ती आरपार गेली तर ध्वनीही जाईल. रेक्झिन किंवा कृत्रिम चामड्याने मढवलेले गुबगुबीत पॅनेल या परीक्षेत नापास होते, मग आत कितीही उत्तम माल भरलेला असो. विक्रेता एनआरसी नावाचा एक आकडा सांगेल, ०.८५ किंवा ०.९, तो खोटा असतो असे नाही, पण २५०, ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झ या चारच ठिकाणच्या गुणांकांची ती सरासरी, आणि सबवूफरचा सगळा मुलूख तिच्या हद्दीबाहेर. म्हणून प्रत्येक वारंवारितेचा तपशील देणारा कोष्टकाचा कागद मागावा, आणि त्यात १२५ हर्ट्झचा रकाना आधी वाचावा.

तरीही अगदी खालच्या खर्जाचे दुखणे पॅनेलांच्या आवाक्यातले नाही. वर घेतलेल्या खोलीत लांबीच्या दिशेने ३५, रुंदीच्या दिशेने ४७ आणि उंचीच्या दिशेने ५६ हर्ट्झच्या आसपास स्थायी तरंग उभे राहतात. त्यामुळे सबवूफरचा एखादा स्वर एका खुर्चीत छातीवर आदळतो, तर शेजारच्या खुर्चीत बेपत्ता असतो. लांबी-रुंदी सारखी असली तर दोन तरंग एकाच स्वरावर येतात आणि उपद्रव वाढतो. ४७ हर्ट्झची पाव तरंगलांबी सहा फूट; एवढी भिंत कोणी मढवणार नाही. खोलीच्या उभ्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड त्रिकोणी खांब रचले तर पुष्कळ आराम पडतो, कारण या सर्व तरंगांचा दाब कोपऱ्यांत एकवटतो. पण त्याहूनही आधी सोफा मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका पुढे ओढावा आणि सबवूफरची जागा दोन-चार वेळा बदलून ऐकावे. यास खर्च शून्य, फक्त घरातल्यांची हरकत यायची ती चालण्याच्या वाटेबद्दल.

पॅनेले कोठे लावावीत याचा निवाडा एक आरसा करतो. आपण नेहमीच्या जागी बसावे, दुसऱ्याने कानाच्या उंचीवर बाजूच्या भिंतीला लावून हातभर आरसा हळूहळू सरकवावा, आणि ज्या ठिकाणी त्यात स्पीकर दिसेल तेथे पेन्सिलीची खूण करावी. समोरचे तिन्ही स्पीकर दोन्ही भिंतींवर असे शोधले की पॅनेलांच्या पहिल्या जागा मिळाल्या. छतावरही तीच रीत. या ठिकाणांहून येणारा पहिला परावर्तित ध्वनी मूळ आवाजामागून काही सहस्रांश सेकंदांनीच कानी पडतो, आणि जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे कान त्या दोहोंना वेगळे न ऐकता एकच समजतो. पण त्या मिश्रणाने आवाजाचा पोत बिघडतो आणि पडद्यावरचा मनुष्य नेमका कोठून बोलतो याचा अंदाज पुसट होतो. राहिलेली पॅनेले मागच्या भिंतीला द्यावीत. तेथे सगळे शोषून टाकण्याऐवजी काही भाग विखुरणाऱ्या खाचांच्या फळ्यांना देता येतो. त्यांचे गणित मानफ्रेड श्रोडर यांनी १९७० च्या दशकात संख्या-सिद्धांतातील वर्गशेषांवरून बसवले. परंतु त्यांच्यापासून निदान पाच-सहा फूट दूर बसावे लागते, म्हणून लहान खोलीत उंच-सखल पुस्तकांनी भरलेले उघडे कपाटही चालून जाते.

फोम घ्यायचाच झाला तर तो आग रोखणारा असल्याची लेखी खातरजमा केल्यावाचून एक तुकडाही घरात आणू नये. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २००३ साली एका नृत्यगृहात रंगमंचाभोवती लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने शोभेच्या ठिणग्यांवरून पेट घेतला आणि १०० माणसे प्राणास मुकली. ब्राझीलमधील सांता मारिया येथे २०१३ मध्ये तशाच कारणाने २४२. रॉकवूल जळत नाही. मात्र त्याचे तंतू कापताना उडतात आणि अंगाला खाज सुटते, म्हणून मिस्त्रीने पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडावर मास्क वापरावा, आणि कापण्याचे काम गच्चीत किंवा अंगणात उरकावे.

शेवटचा कज्जा शेजाऱ्यांचा. पॅनेले लावली की आवाज बाहेर जाणार नाही अशी समजूत दुकानदारही खोडून काढीत नाही, कारण ती त्याच्या सोयीची असते; वास्तविक शेजारचा त्रास थांबवण्यासाठी पॅनेले लावणे म्हणजे टिपकागदाने नळ बंद करणे होय. ध्वनीला अडवते ते वजन आणि बंदिस्तपणा: जाड विटांची भिंत, मधे पोकळी ठेवून तिच्यापासून सुटी उभारलेली जिप्समची दुहेरी भिंत, भरीव लाकडाचे दार, दुहेरी काचेची खिडकी. या कामांचा क्रम पॅनेलांच्या आधी लागतो, कारण त्यात भिंती आत सरकतात आणि वरचा सगळा हिशेब नव्या मापांनी पुन्हा मांडावा लागतो. एवढा खटाटोप झेपत नसेल तर निदान दाराच्या चौकटीला रबराची पट्टी मारावी, उंबऱ्यालगतची फट बुजवावी, आणि सबवूफर शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीपासून काढून जाड रबराच्या पाटावर ठेवावा.