पाच वर्षं एका प्रश्नासोबत राहाल?

पावसाळा आला की हॉस्टेलवर, सोसायटीत हे चित्र ठरलेलं. दोघांना डेंग्यू होतो. एक जण आठवड्याभरात बरा होऊन कॅन्टीनला हजर, दुसरा थेट आयसीयूत. मग व्हॉट्सॲपवर पपईच्या पानांचा रस, किवी आणि ‘प्लेटलेट्स हव्यात, अर्जंट’ असे मेसेज फिरायला लागतात. ‘काउंट किती आला?’ हे सगळेच विचारतात. पण आजार एकच असताना दोघांत एवढा फरक का, असं तुम्हाला कधी वाटलंय? वाटलं असेल, तर पुढचं वाचाच. कारण हा प्रश्न सोडवायला आपल्या देशात दरमहा फेलोशिप मिळते!

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि तो प्रकार सहसा पुन्हा त्रास देत नाही. गडबड होते ती दुसऱ्या वेळी. आता वेगळा प्रकार आला, तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने विषाणू आपल्या प्रतिकारपेशींत शिरतो. वॉचमननेच चोराला गेट उघडून द्यावं, तसं! गंभीर डेंग्यूचं हे एकमेव कारण नाही, पण महत्त्वाचं नक्कीच आहे.

ही नुसती थिअरी नाही. फिलिपिन्समध्ये 2016 साली शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती दिली गेली. 2017च्या अखेरीस कंपनीनेच जाहीर केलं, की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्यांना लसीनंतर संसर्ग झाला तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. मोहीम थांबवावी लागली आणि पालकांचा लसींवरचा विश्वासही डळमळला. आजार नेमका कसा घडतो, हे आधी नीट समजून घेणं किती गरजेचं असतं, ते इथे कळतं. शरीराच्या संरक्षण यंत्रणेचा अभ्यास म्हणजे इम्युनॉलॉजी. त्यातली पीएचडी म्हणजे अशाच एखाद्या ‘कसं?’ आणि ‘का?’चा पाच-सहा वर्षं केलेला पाठलाग.

एमबीबीएस नाही, मग?

काही बिघडत नाही. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, लाइफ सायन्सेस, यातलं एमएस्सी चालतं. कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स येणाऱ्यांनाही या लॅबमध्ये काम आहे, कारण एकेका प्रयोगातून डेटाचा डोंगर उभा राहतो. उदाहरण जवळचंच आहे. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं, ही कार-टी उपचारपद्धती. तिचं पहिलं भारतीय रूप ‘नेक्सकार19’ आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. अमेरिकेत याच प्रकारच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. इथे खर्च साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला.

जायचं कुठे?

लांब जायलाच हवं असं नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे, शिवाय पुण्यातच एनआयव्ही आणि आयसर आहेत. मुंबईत परळला रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवर काम करणारी एनआयआयएच आहे, तर खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक. बाहेर पडायची तयारी असेल, तर दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी, फरिदाबादची टीएचएसटीआय आणि बेंगळुरूची आयआयएससी.

आत शिरायचे मुख्य रस्ते दोन. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळवा किंवा बायोटेक्नॉलॉजी विभागाची बीईटी द्या. काही संस्था स्वतःची परीक्षाही घेतात. मुलाखत मात्र सगळीकडे असते. बीएस्सीनंतर जॅम देऊन आयआयएससीसारख्या संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीही करता येते. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी पास झालात, तर यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार एमएस्सी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो.

घरचे विचारणारच

‘अजून किती शिकणार? कमावणार कधी?’ उत्तर तयार ठेवा. जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37 हजार आणि दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर 42 हजार रुपये मिळतात. घरभाडं वेगळं. पीएचडीसाठी किमान तीन, कमाल सहा वर्षांची मुदत असते. मुलींना आणखी दोन वर्षांची सवलत आणि 240 दिवसांची प्रसूती रजा आहे. ‘लग्नाचं काय?’ विचारणाऱ्या काकूंना हेही सांगा.

पण खरं चित्र पूर्ण सांगायला हवं. फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतेच असं नाही. रखडलेल्या पैशांसाठी राज्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आझाद मैदानात आंदोलनं केली आहेत. शिवाय जेआरएफ म्हणजे नोकरी नव्हे आणि पीएचडी म्हणजे प्राध्यापकीची हमी नव्हे. तुमचे वर्गमित्र तिशीत ईएमआय भरत असतील, तेव्हा तुम्ही कदाचित न वाढलेल्या पेशींकडे बघत रात्री अकराला लॅबमध्ये उभे असाल. तेव्हाही तो प्रश्न तुम्हाला हवाहवासा वाटणार आहे का? फॉर्म भरण्याआधी हे स्वतःला विचारा.

गाइड आधी, ब्रँड नंतर

आपण संस्थेचं नाव बघतो. पाच वर्षं मात्र काढायची असतात एका माणसाच्या लॅबमध्ये. म्हणून त्या लॅबमधल्या सीनियर्सना गाठा आणि थेट विचारा. आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? ते आता काय करतात? मधेच कोणी सोडून गेलं का? पेपरवर विद्यार्थ्याचं नाव पहिलं येतं का? सुट्टी मागायची भीती वाटते का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही उत्तरच समजा.

उडी मारण्याआधी पाण्याचा अंदाजही घेता येतो. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, त्यात दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काम करायला मिळतं. तेवढ्यात कळतं, की पिपेट हातात धरून रोज तेच तेच करायला आपल्याला आवडतं की कंटाळा येतो.

तेव्हा या रविवारी रील्समधून तासभर काढा. वर दिलेल्यांपैकी एका संस्थेची वेबसाइट उघडा, कोणत्या लॅबमध्ये कोण काय शोधतंय ते वाचा. एखाद्या ओळीवर थांबून ‘अरे, हे असं का होत असेल?’ असं मनात आलं, तर ती ओळ वहीत लिहून ठेवा. नेटच्या गाइडबुकांचा गठ्ठा त्यानंतर विकत घ्या.