घर आपलं, जागा दुसऱ्याची: ट्रेलर पार्कमधलं घर घ्यावं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' झालं, ते काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

तर आजचा विषय थोडा वेगळा आहे. अमेरिकेतल्या ट्रेलर पार्कमधलं घर. इन्स्टावर तो रील तुम्हीही बघितला असेल. ट्रकवरून एक अख्खं घर येतं, जागेवर ठेवतात, आणि एक जोडपं किल्ली हातात धरून नाचतं. खाली कॉमेंट, 'एवढ्या स्वस्तात घर? आम्ही वेडे आहोत का भाडं भरत बसायला?'

गेल्या वर्षी मी आणि माझा नवरा अगदी हेच म्हणत होतो. आम्ही सॅन होजेला राहतो, कॅलिफोर्नियात. इथं साधं घर घ्यायचं तर दहा-पंधरा लाख डॉलर. आणि आमच्या अपार्टमेंटपासून दहा मिनिटांवर एक मोबाइल होम विकायला होतं, २,६०,००० डॉलरला. दोन बेडरूम, पुढे छोटी बाग, लिंबाचं झाड. मी तर मनातल्या मनात तुळस कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं होतं.

ते घर आम्ही घेतलं की नाही, ते शेवटी सांगते. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ.

मोबाइल होम म्हणजे नक्की काय?

नावात मोबाइल असलं तरी हे घर सहसा एकदाच प्रवास करतं, कारखान्यातून जागेपर्यंत. पूर्ण घर कारखान्यात बांधतात, खाली लोखंडी सांगाडा आणि चाकं असतात. जागेवर आणून ते छोट्या खांबांवर बसवतात आणि खालची पोकळी पत्र्याने किंवा फळ्यांनी झाकतात. एकाच भागाचं असेल तर सिंगल-वाइड. दोन भाग शेजारी जोडून केलेलं असेल तर डबल-वाइड.

इथं एक तारीख लक्षात ठेवा: १५ जून १९७६. त्या दिवसापासून अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे 'हड'चे, बांधकामाचे नियम लागू झाले. त्याआधीची ती खरी 'मोबाइल होम'. नंतरच्यांना कायद्याच्या भाषेत 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात. नंतरच्या घरांच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक छोटी लाल धातूची पट्टी असते, आणि आत स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा विजेच्या पेटीजवळ माहितीचा कागद चिकटवलेला असतो. घर बघायला गेलात तर आधी या दोन गोष्टींचे फोटो काढा. त्या नसतील तर कर्ज आणि विमा, दोन्ही मिळवताना दमछाक होते.

ही घरं कमी पैशांत राहायची सोय आहे, हे खरंच आहे. अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत राहतात. सिनेमात दाखवतात तशी सगळी पार्कं गलिच्छ नसतात. आम्ही बघितलेलं पार्क तर आमच्या सोसायटीपेक्षा स्वच्छ होतं.

आईचा एकच प्रश्न

रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. आई चिपळूणला असते. तिला घराचे फोटो दाखवले, लिंबाचं झाड दाखवलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "अगं पण जागा कुणाची?"

मी म्हणाले, "जागा पार्कच्या मालकाची. आपण तिचं भाडं द्यायचं."

आई दोन सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे घर आपलं नि जागा खोताची. तुझ्या पणजोबांनी काढलंय असं आयुष्य. घर स्वतः बांधलेलं, पण खोत उठ म्हणाला की उठायचं."

कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. आणि इथं मी कॅलिफोर्नियात बसून तोच व्यवहार आनंदाने करायला निघाले होते! अर्थात अमेरिकेतला पार्कमालक म्हणजे खोत नव्हे. करार असतो, कायदे असतात. पण आईने बोट ठेवलं ते बरोबर ठिकाणी. त्या रात्री आम्ही फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडून बसलो.

हिशेब: स्वस्त घर किती स्वस्त?

घराची किंमत २,६०,०००. आमच्याकडे साठवलेले ५२,०००. म्हणजे कर्ज २,०८,०००.

पहिला धक्का इथे बसला. जमीन आपली नसल्यामुळे नेहमीचं ३० वर्षांचं गृहकर्ज मिळत नाही. मिळतं ते चॅटल लोन, म्हणजे गाडीसारख्या वस्तूवर देतात तसं कर्ज. व्याज जास्त, मुदत कमी. आम्हाला सांगितलेला दर होता साडेआठ टक्के, २० वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण १,८०५ डॉलर.

वर जागेचं भाडं, ज्याला लॉट रेंट म्हणतात, १,५०० डॉलर. विमा आणि कर मिळून ३०० धरा. एकूण झाले ३,६०५.

आमच्या अपार्टमेंटचं भाडं होतं ३,१००. म्हणजे 'स्वस्त' घर महिन्याला ५०० डॉलरनी महाग!

तुम्ही म्हणाल, पण हप्ता म्हणजे बचतच ना? आम्हीही तेच म्हणालो. मग पाच वर्षांचं गणित केलं. पाच वर्षांत हप्त्यापोटी जातात सुमारे १,०८,००० डॉलर. त्यातून मुद्दल फिटतं फक्त २४,७००. बाकी सगळं व्याज. आणि लॉट रेंट तर गेलं ते गेलंच.

लॉट रेंट वाढलं की घराची किंमत खाली येते

हा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा पाच वर्षांनी तुम्ही घर विकायला काढलं. घेणाऱ्याचं महिन्याचं बजेट ठरलेलं असतं. त्यातून आधी लॉट रेंट जातं आणि उरलेल्या पैशांत तो कर्जाचा हप्ता बसवतो. साडेआठ टक्क्यांच्या त्याच कर्जात महिन्याचे १०० डॉलर म्हणजे साधारण ११,५०० डॉलरचं कर्ज. म्हणजे मालकाने लॉट रेंट १०० डॉलरनी वाढवलं, की घेणाऱ्याची ऐपत साडेअकरा हजारांनी कमी होते. लोकांचे पगारही त्या वेगाने वाढले तर फटका कमी बसतो. पण भाडं पगारापेक्षा वेगाने वाढलं, तर तुमच्या घराची किंमत हळूहळू जागामालकाच्या खिशात जाते.

सॅन होजेमध्ये निदान लगाम आहे. शहराच्या नियमाप्रमाणे वार्षिक वाढ महागाईच्या ७५ टक्के, पण ३ टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि ७ पेक्षा जास्त नाही. दरवर्षी ४ टक्के धरली तरी १,५०० चे दहा वर्षांत २,२२० होतात. कायम ७ टक्के झाली तर २,९५०. आणि हे लगाम असलेल्या शहरात! टेक्साससारख्या राज्यात असा लगामच नाही.

मग भाडं परवडलं नाही तर घर उचलून दुसरीकडे का नेत नाहीत? कारण नेणं म्हणजे हजारो डॉलरचा खर्च. जुनं घर वाटेत मोडण्याची भीती वेगळी, आणि बरीच पार्कं जुनी घरं आत घेतच नाहीत. पार्क विकत घेणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. फ्रँक रोल्फ नावाचा एक मोठा पार्कमालक आहे. ट्रेलर पार्क म्हणजे गिऱ्हाइकांना खुर्चीला साखळीने बांधून ठेवलेलं हॉटेल, अशा अर्थाचं तो उघड बोलून गेलाय. धंदा चांगला का आहे, हे समजावताना!

पार्कच बंद झालं तर?

आमच्याजवळ पालो आल्टोमध्ये ब्वेना व्हिस्टा नावाचं पार्क आहे. तेव्हा सुमारे ४०० लोक तिथे राहायचे, बहुतेक कष्टकरी कुटुंबं. २०१२ मध्ये मालकाने पार्क बंद करायचं ठरवलं, कारण त्या जमिनीला सोन्याचा भाव. रहिवासी पाच वर्षं लढले. शेवटी २०१७ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने सुमारे चार कोटी डॉलर देऊन पार्क विकत घेतलं आणि लोक वाचले.

कॅलिफोर्नियात पार्क बंद करण्याआधी मालकाला रहिवाशांवर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा लागतो. लगेच हाकलता येत नाही. पण प्रत्येक पार्कासाठी चार कोटी घेऊन कुणी धावून येईलच असं नाही.

काकूंची बाजू

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती घाबरवतेय.

त्याच पार्कात एक मराठी काकू राहतात. मूळच्या साताऱ्याच्या. वीस वर्षांपूर्वी त्यांनी घर रोखीने घेतलं, तेही आजच्या मानाने फारच कमी किमतीत. त्यांनी चहाला बोलावलं. मी विचारलं, "काकू, तुम्हाला पश्चात्ताप नाही होत?"

"कशाचा गं? कर्ज नाही, हप्ता नाही. लॉट रेंट तेवढं द्यायचं. या गावात एवढ्या पैशांत मला कोण ठेवून घेईल? पण एक सांगू का, मला कुठे जायचं नाहीये. तुम्हाला जायचंय का, ते तुम्ही बघा."

सगळी गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. काकूंना बाहेर पडायचंच नाही. आम्ही दोघं एच-वन-बी व्हिसावर. नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. अपार्टमेंट असेल तर थोडा दंड भरून किल्ली परत देता येते. हे घर मात्र ६० दिवसांत विकावं लागेल. घेणाऱ्याला पार्कची मंजुरी हवी, त्याला कर्ज मिळायला हवं, आणि विकेपर्यंत लॉट रेंट चालूच. भाड्याने द्यायचं म्हटलं तर त्या पार्कात पोटभाडेकरू ठेवायला बंदी.

मग घ्यायचं कुणी, आणि काय तपासून?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पहिलं, करार आणि पार्कचे नियम सही करण्याआधी मागून घ्या. गेल्या पाच वर्षांत लॉट रेंट किती वाढलं ते लेखी मागा. आत्ताच्या मालकाचं भाडं तुम्हाला तेच राहणार की विक्रीनंतर नवीन ठरणार, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी घर विकलं की भाडं उडी मारतं.

दुसरं, शहरात भाडेवाढीवर नियम आहे का, आणि पार्क अलीकडे नव्या मालकाकडे गेलंय का, ते बघा.

तिसरं, वयाची अट. काही पार्कं ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव असतात. तुम्ही तिशीत असाल तर तिथे चहा प्यायला जा, घर घ्यायला नको.

चौथं, घराची तपासणी. बाथरूमजवळची जमीन पायाखाली दबते का? राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीन पाइप आहेत का? १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सर्रास वापरले जायचे आणि फुटण्यासाठी बदनाम आहेत. कॅलिफोर्नियात असाल तर भूकंपाचे आधार लावलेत का तेही बघा, नाहीतर हादऱ्यात घर खांबांवरून घसरतं.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: मला सहा महिन्यांत निघावं लागलं तर काय? याचं उत्तर आकड्यांत लिहा. किती महिने दोन्हीकडचं भाडं भरू शकाल? घर २० टक्के कमी किमतीत गेलं तर कर्ज फिटेल का?

आणि एक आशेची गोष्ट. काही पार्कांत रहिवाशांनीच सहकारी संस्था काढून जमीन विकत घेतली आहे. याची सुरुवात न्यू हॅम्पशायर राज्यात १९८४ मध्ये झाली. आज 'रॉक यूएसए' या संस्थेच्या जाळ्यात देशभरातली अशी तीनशेहून अधिक पार्कं आहेत. भाडं किती वाढवायचं ते रहिवासी मत देऊन ठरवतात. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखंच, सभेतल्या भांडणांसकट! असं पार्क मिळालं तर गणितच बदलतं.

आम्ही काय केलं?

नाही घेतलं. सोपं नव्हतं. एजंटला फोन करताना माझ्या डोळ्यांसमोर ते लिंबाचं झाड होतं. नवरा दोन दिवस गप्प होता. ते ५२,००० अजून बँकेत आहेत आणि आम्ही अजून भाडं भरतोय.

घर वाईट नव्हतं, पार्कही वाईट नव्हतं. आमची परिस्थिती त्या घराला साजेशी नव्हती. ग्रीन कार्ड असतं, रोख पैसे असते, पंधरा वर्षं तिथेच राहायचं असतं, तर कदाचित आज हा भाग मी त्या झाडाखाली बसून रेकॉर्ड केला असता.

घर घेताना आपण सगळे आत कसं शिरायचं याचाच हिशेब करतो, डाउन पेमेंट किती, हप्ता किती. जागा दुसऱ्याची असेल तेव्हा बाहेर कसं पडायचं याचा हिशेब आधी करा. आणि तो जमत नसेल तर माझ्या आईचा प्रश्न विचारा: "अगं पण जागा कुणाची?"

आजच्यापुरतं एवढंच. घर शोधणाऱ्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला हे व्हॉट्सॲपवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि सही करण्याआधी वाचत जा!